आवाज बंद केलेलं बिऱ्हाड

दिंडोशीच्या लॅबमध्ये फ्लेविया रक्त द्यायला उपाशीपोटी बसली होती. कधी एकदा नंबर लागतो आणि कधी घरी जाऊन चहा पिते, असं तिला झालं होतं. शेजारच्या दोघी मात्र ‘पाटकरांचं बिऱ्हाड’वर तुटून पडल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी संपलेली ती मालिका गेल्या महिन्यात पुन्हा सुरू झाली होती.

“जानकी, वाट लावली गं सगळ्याची! चाळीतली कमलाकाकू, आणि आता तिच्या हॉलमध्ये जिना?”

“आणि चहा? पूर्वी बशीत ओतून फुर्र करून प्यायची. आता रिकामा कप नुसता हातात धरते.”

“मग बघतेस कशाला?”

“आवाज बंद करून बघते. सगळ्यांचं मीच बोलते. कमलाकाकूचं तेवढं सासूबाई बोलतात.”

“सासूबाई? त्या तर गणपतीपासून तुझ्याशी बोलत नाहीत ना?”

“माझ्याशी नाहीच बोलत. पण कमलाकाकूला सुनेशी बोलावंच लागतं ना!”

“कमाल आहे!”

“अगं, काल तर काय झकास रंगलं! पडद्यावर काकू रडतेय, आणि आमच्या म्हणतात, ‘सूनबाई, तुझी सोलकढी माझ्यापेक्षा बरी जमता गो. पण मी काय कबूल करूचंय नाय.’”

“अय्या! मग?”

“नऊ नंबर! फ्लेविया कोण आहे?” काउंटरवरून हाक आली.

“थांबा हो जरा,” फ्लेविया तिकडे न बघताच म्हणाली. “मग? सूनबाई काय म्हणाली?”