आईच्या कपाटातला धूर

मिस्त्री : खाली दिवाणखान्यातल्या शेकोटीत तपासणीची धुराची गोळी पेटवली आणि शिडीनं छपरावर गेलो, तर धुराड्याच्या तोंडाशी नुसती बारीक रेघ. बाकीचा धूर गेला कुठे ते शोधण्यात माझी अर्धी सकाळ गेली, ताई.

लेक : मग सापडला?

मिस्त्री : सापडला. वरच्या मजल्यावर, तळ्याकडच्या खोलीत. भिंतीतल्या कपाटात चादरींच्या मागून निवांत बाहेर येत होता.

लेक : ती आईची खोली.

मिस्त्री : असेल. चादरी मी पलंगावर काढून ठेवल्यात, एवढं सांगून टाका त्यांना.

लेक : मिस्त्री, एक सांगू का? हे घर आम्ही विकतोय. बघायला येणाऱ्यांनी छपराकडे बघून तोंड वाकडं करू नये, एवढंच काम आहे तुमचं. सिमेंट थापा, रंग मारा.

मिस्त्री : सिमेंटनंच तर घात केलाय. तळ्याकाठची ही जुनी घरं चुन्यात बांधलेली. चुना ओल पितो आणि सोडूनही देतो. मधे कुणीतरी हुशारी करून विटांमधल्या फटी, दरजा, सिमेंटनं भरल्या. ओल आत कोंडली, थंडीत गोठली, विटांचे पापुद्रे सुटले. आतली भिंत ढासळून धुराची वाट बुजलीय, आणि वर पाखरांनी संसार थाटलाय. मग धूर जाईल तिकडे जातो.

लेक : कपाटात.

मिस्त्री : कपाटात. शेकोटी पेटवतं कोण?

लेक : आईच. गारठा सुरू झाला की रात्रंदिवस. लाकडानं डोळे चुरचुरतात म्हणून कोळसा घालते.

मिस्त्री : हं.

लेक : हं काय?

मिस्त्री : लाकूड बरं, निदान खोकायला लावतं. माणूस वैतागून खिडकी उघडतो. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. आजपासून त्या खोलीत कुणी झोपायचं नाही आणि शेकोटी बंद. माझं काम होईपर्यंत.

लेक : थांबा. त्यानं डोकं दुखतं का?

मिस्त्री : दुखतं तर. एका घरात माझंच दुखलं होतं, गुडघ्यातलं बळ गेलं होतं.

लेक : आणि माणूस विसरतो? काहीबाही बोलतो?

मिस्त्री : ऐकलंय तसं. नक्की मला नका विचारू, मला धुराड्यातलं कळतं. का हो?

लेक : गेल्या हिवाळ्यात तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. नळ उघडा टाकून तळ्याच्या धक्क्यावर जाऊन बसली. दादा म्हणाला, आता हिला एकटी ठेवायची नाही, घर विकू आणि माझ्याकडे नेऊ. उन्हाळ्यात ती चांगली खडखडीत झाली, तेव्हा आम्हाला वाटलं गोळ्या लागू पडल्या. आता गारठा पडला आणि पुन्हा सुरू झालं.

आई : माझ्या चादरी पलंगावर कुणी पसरल्या?

मिस्त्री : मी, माई. धूर शोधत होतो.

आई : माझ्या कपाटात? तुम्हीही माझ्यासारखेच झालात की काय?

लेक : आई, सकाळी तुझं डोकं दुखतं ना, ते कधी थांबतं गं?

आई : धक्क्यावर जाऊन थोडी बसले की. म्हणून तर जाते. तुम्हा दोघांना वाटतं मी भरकटते.

लेक : कधी बोलली नाहीस?

आई : बोलले होते. दादा म्हणाला, मोकळ्या हवेत सगळ्यांनाच बरं वाटतं.

लेक : कोट घाल. दवाखान्यात जाऊ. मिस्त्री, सगळ्या खिडक्या उघडून ठेवा.

आई : या गारठ्यात?

लेक : या गारठ्यातच.

(काही आठवड्यांनंतर, घरामागचं अंगण. धुराड्याभोवतीची बांबूंची परांची उतरवण्याचं काम चाललं आहे.)

आई : मिस्त्री, मला धुराडं अजून डावीकडे झुकल्यासारखं दिसतंय.

मिस्त्री : झुकलंयच, माई. तेवढा बाक ठेवलाय. पक्कं आहे, पडत नाही. अगदी ताठ केलं असतं तर उसनं आणून बसवल्यासारखं दिसलं असतं.

आई : आणि आतून?

मिस्त्री : आतून नवी पोलादी नळी, तळापासून टोकापर्यंत. कपाटामागची भिंत चुन्यात बांधून काढलीय. वर जाळीची टोपी, पाखरांनी दुसरीकडे बघावं. कडाक्याची थंडी पडायच्या आत उरकलं ते बरं झालं, चुना गोठला की मेला. मात्र दर वर्षी शेकोटी पेटवायच्या आधी काजळी काढून घ्यायची.

लेक : आई, मी काल दादाला फोन केला. डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं, रक्तात कोळशाचा वायू निघाला तेही.

आई : थोडं विसरणं वयाचं आहे, ते राहील, असंही म्हणालेत. तेही सांगितलंस ना?

लेक : सांगितलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, घर विकायचं नाव काढायचं नाही. तुझ्याशी बोलायला त्याचं तोंड होत नाही.

आई : पण मला विकायचंय.

लेक : काय?

आई : घर. ही ओल, हे जिने, दिवसभर नुसतं पाणी बघायचं. तळ्याचं वेड तुझ्या बाबांना होतं. मला बाजारपेठेत दोन खोल्या हव्यात, खाली माणसांची वर्दळ असलेल्या.

लेक : अगं, मग गेलं वर्षभर भांडत कशाला होतीस? कागदांवर सही करायची नाही म्हणून दार लावून बसली होतीस.

आई : तुम्ही मला उचलून न्यायला निघाला होतात. बैठका तुमच्या, ठरवाठरवी तुमची. तुला काय हवंय, असं एकदा तरी विचारलंत?

लेक : नाही विचारलं.

आई : बरं, डोळे पूस. मिस्त्री बघताहेत.

मिस्त्री : मी दोर सोडतोय, माई. माझं लक्ष नाही.

लेक : मग एवढं धुराडं नीट करून घेतलंस ते कशाला?

आई : पुढे येणारं कुणीतरी त्या खोलीत झोपेलच की.

लेक : दादाला काय सांगू? तो आता मुळीच ऐकायचा नाही.

आई : तू काही सांगू नकोस. फोन लाव नि माझ्याकडे दे. आधी तो जेवलाय का ते विचारते.