मागे सरकत केलेला रोवणा

पवनीच्या स्टँडवर भंडाऱ्याची बस लागायची होती. नुकतीच एमएस्सी झालेली तृप्ती बाकावर वाचत बसली होती, पण शेजारी बसलेल्या तरुणाचं आणि त्याच्या मोठ्या आईचं बोलणं सुरू झालं नि तिचं पान उलटेचना.

"मोठी आई, आज मले पहिलं परीक्षण पाठवाचं हाये. जुन्या जपानातल्या लढाईचा गेम. पन सगळेच लिहून बसले, तलवारबाजी झकास, गोष्ट संथ. मी नवीन काय सांगू?"

"काल तू खेळून राहिला होता, तोच का? घोड्यावरचा?"

"तोच."

"मंग निकेश, त्यातल्या बाया भात रोवताना समोर काहून चालून राहिल्या होत्या?"

"म्हंजे?"

"अरे, रोवणा मागं मागं सरकत करतेत. समोर गेलं का आपलाच रोप पायाखाली. कालेजात जाऊन भाताची बांधी विसरला का?"

"हे कोनंच नाही लिहिलं."

"लिहिनाऱ्यानं चिखलात पाय घातला असंल तवा ना."

"मंग मी दोन मार्क कापतो. दहापैकी आठ."

"एकच काप. त्याचा घोडा शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं जाते, पिकात नाही उतरत. बनवनाऱ्याले घरचं वळन हाये."

"बरं, नऊ. खाली तुह्यं नाव टाकू?"

"टाक ना. गोदावरीबाई, मुक्काम कोंढा. आषाढात या म्हना, शिकवून देतो."