पहिल्या ओळीतले जमीलभाई

...नाही, नाही, मला एक सांगा, ज्या वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहायची सोय नाही, तिला वही म्हणायचं तरी कशाला? तुम्हाला सांगतो, साठ वर्षांत एक पान मी ‘श्री’शिवाय उघडलेलं नाही, तारखात्यात होतो तेव्हा रजेच्या अर्जाच्याही कोपऱ्यात बारीकसा ‘श्री’ असायचा, साहेब चिडायचे, रजा मात्र मिळायची! आणि हा संगणक... ‘श्री’ टंकलं की टुंग! पुन्हा टंकलं, पुन्हा टुंग! आमच्या कॉलनीतले बुद्धभूषण मास्तर, शाळेत विज्ञान शिकवतात, हौशी रेडिओचा परवाना आहे त्यांच्याकडे, त्यांनीच ते नोंदीचं सॉफ्टवेअर बसवून दिलेलं, ते म्हणाले, “नाना, त्या चौकटीत फक्त समोरच्या स्टेशनचं संकेतनाव बसतं. नाव टाका, त्यानं सांगितलेला अंक टाका, एंटर दाबा, पुढच्याला घ्या. आणि ओळ लाल झाली तर समजा, हा गडी आधी येऊन गेलाय, पुसून टाका. भक्तिभाव नंतर!” म्हणजे बघा! संगणकाला भाव कळत नाही हो, त्याला अंक लागतो.

आता तुम्हाला ही रेडिओची स्पर्धा ठाऊक असायचं कारण नाही. गच्चीवर तार ताणायची आणि रविवारी सकाळी नऊपासून हाका मारत बसायचं. कुणी बेळगावचा, कुणी भोपाळचा ओ देतो; ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे आवाज खणखणीत, एवढं म्हणून हा त्याचा कितवा संपर्क तो आकडा तो सांगणार, तुमचा तुम्ही सांगायचा, लिहिलं, संपलं! ना क्षेम, ना कुशल, ना ‘घरची मंडळी कशी आहेत’! पाच सेकंदांत मनुष्य आला नि गेला. मी म्हणायचो, हा सत्संग आहे की टोलनाका?

म्हणायचो कुणाला? जमीलभाईंना! सायखेड्याचे जमीलभाई, विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, हातांना सदा वार्निशचा वास. तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं माझी पूजा आटोपली की मी रेडिओ लावायचा आणि तिकडून त्यांचा आवाज यायचा. त्यांच्या संकेतनावाची शेवटची अक्षरं टी, एल, एम. सारं जग म्हणतं ‘टँगो, लिमा, माइक’. हे म्हणायचे, “तुळस, लिंबू, मोगरा! ऐकताय ना, महाराज?” मी माळकरी, म्हणून महाराज. दहा वर्षं पिच्छा पुरवला त्यांनी, “महाराज, एकदा स्पर्धेत उतरा, एक अंक द्या मला, बस!” मी आपला हसून नाही म्हणायचो. मागच्या आषाढात त्यांना दवाखान्यात ठेवलं, भेटायला गेलो, तर हात धरून तेच, “या वेळी तरी?” आणि मी काय बोललो असेन? “जमीलभाई, चातुर्मास लागलाय, मला स्पर्धा वर्ज्य. कार्तिकात बघू.” ...कार्तिकात बघू! देवानं जीभ दिली ती नामासाठी की असल्या वायद्यांसाठी? भाद्रपदात ते गेले.

म्हणून या माघात मी बसलो. तेवढं एक देणं मनात अडकलं होतं. आणि ‘श्री’ काही बसेना, मग पहिली ओळ द्यायची कुणाला? डोळे मिटले, हात जोडले आणि जमीलभाईंचं संकेतनाव टंकलं. अंक मागितला, एक टाकला. एंटर. टुंग झालं नाही! अगदी मुकाट घेतलं हो. मला वाटलं, चला, आरंभ शुभ झाला.

पुढं चाळीस संपर्क झाले. डाव्या हातात माळ, उजवा हात कळफलकावर, एक स्टेशन की एक मणी. सतरा जण एकमेकांवर ओरडताहेत, मी त्यातून एकेकाला वेचतोय... आणि देवघरातल्या घड्याळात दुपारचे बारा पडले मात्र, आरती संपताच झांजा थांबाव्यात तसे सगळे गप्प! खरखरसुद्धा नाही. रेडिओ बंद पडला म्हणावं तर दिवे जळताहेत. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर माणूस नाही, आणि खोलीत... वार्निशचा वास. ताज्या वार्निशचा.

“तुळस... लिंबू... मोगरा.”

माझी बोटं आपोआप ते नाव टंकू लागली, आणि ओळ लालभडक झाली. हे स्टेशन पूर्वी झाले आहे!

“फाइव्ह नाइन. एकशे आठ. घेतलं का, महाराज?”

मी कसाबसा म्हणालो, “जमीलभाई... कुठून बोलताय?”

“मणी पुढं सरकवा, महाराज. लोक थांबलेत.”

कोण लोक? तुम्हीच सांगा, कोण लोक? तिथं तर चिटपाखरू बोलत नव्हतं! मास्तरांचं सांगणं तेवढं डोक्यात, लाल झालं की पुसा. मी पुसलं. आणि तत्क्षणी सतरा जण पुन्हा ओरडायला लागले.

मी रेडिओ बंद केला आणि सायखेड्याला फोन लावला. सकीनाभाभींनी उचलला. म्हटलं, भाभी, रेडिओ कुणी लावलाय का? “नाही हो नाना, कौन लगाएगा? चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलाय, किल्ली माझ्याकडं. वरची तार तो चालीसवें के दिनच आमच्या पोरानं, रिझवाननं उतरवली. का हो? आवाज असा का येतोय तुमचा?” “काही नाही भाभी, थंडी आहे.” भर दुपारी हो!

संध्याकाळी मास्तर आले, नोंद पाहिली आणि कपाळाला हात लावला. “नाना, ही पहिली ओळ खोटी आहे. उडवा. आयोजक दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघतात. गेलेला माणूस नोंद कुठून पाठवणार?” खरं होतं त्यांचं. जन्मात खोटा शब्द न लिहिलेला मी... पण एकदा पुसलं होतं ना दुपारी! ज्यानं हाक मारली त्याला दुसऱ्यांदा पुसू? म्हटलं, जाऊ द्या, होऊ दे बाद. आहे तशी पाठवली.

काल निकाल आला. मास्तर मोठ्यानं वाचत होते, “चाळीस संपर्क मान्य. ओळ पहिली...” आणि चहा ठेवला खाली. पुन्हा वाचलं, या वेळी ओठातल्या ओठात. मग पडदा माझ्याकडं फिरवला. ‘ओळ पहिली : समोरच्या स्टेशनची नोंद प्राप्त. त्यांनी पाठवलेला क्रमांक एकशे आठ, आपण लिहिलेला एक. वेळ जुळत नाही. गुण दोघांनाही नाही.’

“नाना,” मास्तरांचा आवाज एवढासा झालेला, “ही नोंद... पाठवली कुणी?”

मला तर पुढच्या माघाची चिंता! इतक्या लांबून आला माणूस, माझ्यापायी त्याचाही गुण गेला. आता तो सोडतोय होय? पुन्हा तार ताणा, पुन्हा बसा, आणि बाराच्या ठोक्याला कान देऊन अंक नीट उतरवून घ्या! मी ‘श्री’च्या जागी बसवलं होतं हो त्यांना, पहिल्या ओळीत, हात जोडून... पण नाही! संगणकाला भाव कळत नाही म्हणून मी इतके दिवस कुरकुरतोय, आणि जमीलभाई तिथं जाऊनसुद्धा... त्यांनाही अंकच लागतो!