धम्मशीलेची रेती

...अन् वरून सगळे तिलेच विचारून राह्यले, काऊन वं बाई, एवढं तोंड पाडून बसाले झालं तरी काय? आता काय सांगाव तिनं, अन् कोनाकोनाले सांगाव! तुम्हाले सांगतो, आमच्या वरवट बकालात दयारामच्या धम्मशीलेएवढी हुशार पोट्टी नाही, विद्यापीठात शिकाले पार कोकनात गेली, अन् शिकत काय होती, तं समुद्राच्या काठच्या रेतीत प्लास्टिकचे बारीक तुकडे किती, ते मोजाचं. किती बारीक? तं डोळ्याले दिसत नाही इतके! तिची माय कलाबाई पह्यल्याच दिवशी म्हने, दिसत नाही तं मोजतं कायले? पन पोट्टीनं ऐकलं नाही, उन्हातान्हात काठाकाठानं फिरली, चिमूटचिमूट रेती पिशव्याइत भरली, हरेक पिशवीवर नंबर टाकला. हे मोजून झालं, प्रबंधाचं पुस्तक सरकडं दिलं, का नोकरी पक्की, तिकडंच, कासवाच्या अंड्याची राखन करनाऱ्या संस्थेत. सारा जीव त्या रेतीत होता तिचा.

उन्हाळ्यात लॅबले कुलूप लागलं तं सर म्हने, घरी नेऊन मोज. मंग काय, पोतंभर रेती घेऊन पोट्टी रेल्वेनं निंगाली, शेगावले उतरली, एस्टीत चढली. कंडक्टर म्हने काय हाये याच्यात? पोट्टी म्हने, रेती. त्यानं एकडाव पोत्याकडं पाह्यलं, एकडाव तिच्याकडं, अन् लगेजचं तिकीट फाडलं. त्याचं तरी काय चुकलं? आता रेतीले रेती नाही म्हनाव तं काय म्हनाव, सांगा.

बरं, इकडं घरी काय चालू होतं? प्लास्टर! अन् आमच्याकडं रेतीचं असं झालं हो, का एकडाव सोनं सापडन पन रेती सापडनार नाही. नदीवरचे रेतीचे घाट बंद, ट्रॅक्टर बंद, सारं घर होऊन गेलं अन् एक तथागताच्या मूर्तीचा कोनाडा तेवढा राह्यला, त्याच्यापायी निजाम मिस्त्री रोज येते, चहा पेते, जाते. धम्मशीलेचा काका, प्रेमानंद, मानूस लाखाचा, पन दम धरनं त्याले जमत नाही. पोट्टी ते बारीक तुकडे पाहाची दुर्बीन मांगाले खामगावच्या कॉलेजात गेली, अन् याले कोपऱ्यात पोतं दिसलं. याचे डोळेच भरून आले! न सांगता काकाची अडचन समजली म्हने माह्या लेकीले, कोकनातून रेती आनली! निजाम मिस्त्रीनं इचारलं बरं का, का भाऊ, पिशव्याइले नंबर हायेत, कोनाची अमानत तं नाही? प्रेमानंद म्हने, शिकेल पोट्टी हाये ते, मीठ आनलं तरी नंबर टाकन. संपलं! मिस्त्रीनं रेती चाळली, सिमिटात कालवली. आता रेतीले रेती नाही म्हनाव तं काय म्हनाव?

संध्याकाळी पोट्टी आली, दुर्बीन लेकरासारखी पोटाशी धरून. पाह्यते तं अंगनात दोरीवर तिच्या पिशव्या वाळून राह्यल्या! कलाबाईनं धुतल्या, तिखट-हळद भराले होतीन म्हनून. नंबर पार पुसेल.

"काका, रेती?"

प्रेमानंदनं कोनाडा दाखवला. असा गुळगुळीत, असा सुरेख, अन् आत मूर्ती बसेल, फुलं वाहेल, मेनबत्ती लावेल, अर्धी गल्ली वंदनेले बसेल. पोट्टीनं भिंतीवर हात ठेवला तं हा म्हने, नको माय, ओलं हाये अजून.

तिनं समजावून सांगतलं तवा तिचा बाप दयाराम छन्नी घेऊनच उठला, म्हने फोडतो. फोडून काय निंगनार होतं? निजाम मिस्त्री मान खाली घालून म्हने, बेटी, सिमिटात गेलं ते गेलं. सरले फोन लावला. सर म्हने, इकडं पाऊस लागला, त्याच्या आंधीची रेती आता कुठून आननार, पुढच्या उन्हाळ्यात नवी घे. म्हंजे वरीस गेलं, नोकरी गेली, कासवं कोनी दुसरंच राखन. धुन्याच्या दगडावर बसून रडली हो ते पोट्टी, तोंडात पदर कोंबून. अन् गल्लीतल्या बाया म्हनतात, एवढ्याशा रेतीसाठी? त्याइले तरी कसं समजवाव? रेतीले रेती नाही म्हनाव तं...

जाऊ द्या. काल ते परत कोकनात निंगाली. प्रेमानंद तवापासून धड जेवला नाही, बिचारा मनातून पार खचेल. एस्टीपर्यंत तिची बॅग त्यानंच उचलली, अन् बस सुटाच्या टायमाले खिडकीतून सिमिटाचे रिकामे पोते देल्ले, धुयेल, घडी घालेल.

"चुकलो माय मी. आता पुढल्या टायमाले तुई रेती अलग आन, अन् आपली अलग. बाहीरचा ओटा बी कराचा हाये, अन् निजामभाईच्या घरची मोरी बी."

समुद्राचा काठ वाचवाले निंगेल पोट्टी ते! मले वाटलं, आता पोते त्याच्या तोंडावर फेकते. तिनं ते मांडीवर घेतले, डोळे पुसले, अन् म्हने, "काका, किती लागन?"