आनंदा उस्तादांचा बिनधुराचा ट्रक

बसा, बसा. उभं राहू नका कोणी. ओल्ड एअरपोर्ट वस्तीतल्या आपल्या मराठी बायका आहेत, नजमा भागातून ह्यांच्या गॅरेजची मंडळी आलीत, इथे परदेशात कामाचा दिवस असूनही आलात. मला बोलता येईल का, ठाऊक नाही. घरी ह्यांच्याशी भांडताना शब्द कधी कमी पडले नाहीत, आज पडतायत.

तरी एक सांगते, कोणी वाईट वाटून घेऊ नका. नवरा गेल्याचं दुःख आहेच. पण मला हायसंही वाटतंय. का, ते सांगायलाच उभी राहिले.

तुम्ही ह्यांना आनंदा उस्ताद म्हणायचात. सगळं आयुष्य डिझेल इंजिनात गेलं, आणि वेड एकच. इथे सरळ पट्ट्यावर दोन गाड्या शेजारीशेजारी सोडतात, कोण पुढे जातं बघायला. तिथे पेट्रोलच्या गाड्या पळायच्या. ह्यांनी तयार केलेला डिझेलचा पिकअप ट्रक मात्र फाटकातूनच परत. मी चिडायचे. हे नाही चिडायचे. म्हणायचे, "त्यांचं बरोबर आहे, सुमन. आपल्या ट्रकनं काळा धूर सोडला तर शेजारच्या पोराला रस्ता दिसायचा नाही. त्याला काही झालं म्हंजे?"

पण ट्रक होता खालिदचा, इथल्याच एका तरण्या पोराचा. तो बघा, मागे बसलाय, मराठी कळत नसूनही. खालिदला तर धूरच हवा! धूर नाही तर लोक टाळ्या कशाला वाजवतील? ह्यांचं म्हणणं, धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, त्यात कसला आलाय जोर? एकदा घरी माझी फोडणी करपली. घरभर धूर, आणि आमटीला चव नाही. हे दारातच हसत उभे. "हेच! हेच त्या पोराला सांगायचंय." दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात धुराच्या गाडीला "तडका जल गया" म्हणायला लागले. खालिद रुसला, दुसऱ्या गॅरेजला गेला. परत आला तेव्हा स्वतःच म्हणाला, "उस्ताद, तडका जल गया."

मग हार्टचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, गावी जा, आराम करा. मी तिकिटाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "ट्रक आत जाऊ दे, मग." मला एकच धास्ती. हा माणूस ही इच्छा मनात घेऊनच जाणार. जेवताना तीच, झोपताना तीच.

शेवटी ट्रॅकवाल्यांनी चाचणीला बोलावलं. एकटा ट्रक, एकदाच. धूर दिसला तर पुन्हा विचारायला येऊ नका म्हणाले. मी गोळ्यांची डबी मुठीत धरून ह्यांच्या शेजारी उभी. खालिदनं ट्रक सोडला. मोठा आवाज झाला, ट्रक गेला, आणि मागे काहीच नाही! मला वाटलं, बिघडला. "अहो, काय झालं?" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "काही झालं नाही, सुमन. काहीच झालं नाही."

ट्रॅकवाला साहेब पट्ट्यावरून चालत गेला. वाकून वाकून बघितलं, तेल सांडलंय का. परत येऊन म्हणाला, पुढच्या वेळी सगळ्यांच्या रांगेत लावा. हे म्हणाले, "खलास, झालं काम. आता काढ तिकीट."

तिकीट काढलं. पण निघायच्या तारखेआधीच हे झोपेत गेले, आपल्या अंथरुणात, शांतपणे. गावी जायचं राहिलं, ते राहिलंच. पण ट्रक आत जायचा राहिला नाही. म्हणून हायसं वाटतं, आणि ते वाटायची मला लाज नाही.

मघाशी कोणीतरी विचारलं, वहिनी, फोटोपुढे उदबत्ती का नाही? अहो, ज्या माणसानं धूर घालवायला इतकी वर्षं घातली, त्याच्या तोंडापुढे मी धूर करू? समई आहे, तेवढी पुरे.

चला, आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी बोलू नका. खालिद, बेटा, तू भी.

अहो, तुमच्या फोटोपुढची वात मी नीट सारखी केली आहे. बघा, धूर नाही.