निजल्या त्या शिकल्या

मले हुशार समजणाऱ्यायनं हे ऐकावंच. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी औषध फवारताना लोकायले विषबाधा होऊन राह्यली होती. मी कृषी सहायक. दारव्ह्याजवळच्या एका गावात बायायले सुरक्षित फवारणी शिकवाले गेलतो.

सकाळी दोन घंटे बोललो. तोंडाले फडकं बांधा, हातमोजे घाला, अन् वाऱ्याकडं पाठ करूनच फवारा. जेवणं झाल्यावर पायतो, तर साऱ्या बाया समाजमंदिरात आडव्या! त्यायच्यात मोठी शांतामावशी. तिले म्हटलं, "मावशी, शिकाले आल्या का झोपाले?"

"निजलं का ऐकलेलं डोस्क्यात पक्कं बसते, साहेब. तुमीबी पडा थोडं."

मी कायचा पडतो! झोपेनं डोळे मिटून राह्यले होते, तरी माह्यं टिपण पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

तीन वाजता पंपात साधं पाणी भरलं, पाठीवर घेतला, अन् मोठ्या ऐटीत फवारा सोडला. सारं पाणी वाऱ्यानं माह्याच तोंडावर! बाया हसल्या, पण माह्या मनात आलं, पाण्याच्या जागी औषध असतं तर?

मावशीनं तोंड पुसाले पदर पुढं केला. "वाऱ्याकडं पाठ करा, हे सकाळी तुमीच सांगतलं नं?"

"हो मावशी."

तिनं पंप माह्या पाठीवरून काढून आपल्या पाठीवर चढवला, बरोबर वाऱ्याकडं पाठ केली अन् म्हणाली, "जा, तुमी झोपा आता. पुढचं मी शिकवतो."