बंड्याचे ठिपके

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या फायटर माशाच्या, म्हणजे बंड्याच्या, अंगावर अचानक पांढरे ठिपके आले. ज्याच्याकडून मासा घेतला, त्याला मी घाबरून फोन केला. तो म्हणाला, "साफ फोटो भेजो, देखके दवा बताता हूँ."

मोबाईलवर चाळीस फोटो काढले, पण बंड्या एक सेकंद स्थिर राहील तर शपथ! सगळे फोटो धूसर. माझा जीव टांगणीला. तसाही डीएसएलआर घ्यायचाच होता, म्हणून बंड्याला त्याच्याच टाकीतल्या पाण्यासकट लोणच्याच्या बरणीत घातलं आणि शेअर रिक्षाने थेट मीरा रोडचं कॅमेऱ्याचं दुकान गाठलं.

"भाई, नए आदमी के लिए जो सबसे सादा हो, वो दो. बस इसके ठिपके दिखने चाहिए."

पहिल्या कॅमेऱ्यात बरणीच्या काचेवर माझंच थोबाड आलं. दुसऱ्याची लेन्स इतक्या जवळून फोकसच घेईना. तेवढ्यात बंड्या तळाशी जाऊन बसला.

"जल्दी करो, ये जाएगा!" मी ओरडलोच.

दुकानदाराने लेन्स बदलली. आता ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ आले.

"फोटो किसको दिखाना है?"

"मछलीवाले को."

"कहाँ बैठता है?"

"पेणकरपाडा. मेरी ही बिल्डिंग के नीचे."

त्याने आधी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तो मछली ही नीचे ले जाते ना, साहब?"

बंड्या आता ठणठणीत आहे. कॅमेराही घरी आहे. त्या प्रश्नानंतर नुसती बरणी घेऊन बाहेर पडायची हिंमतच झाली नाही.